चौकोनाची हजेरी

३ ऑक्टोबर, मंगळवार

मला गटप्रमुख केलं. न विचारता! विभागप्रमुख बाईंनी यादी वाचायला घेतली, माझं नाव आलं, मी "पण बाई" म्हणेपर्यंत त्या पुढच्या गटावर पोचल्या होत्या.

पाणीपुरवठ्याचा प्रकल्प यंदा "संयुक्त" आहे. म्हणजे प्रत्येक गटात दोघे इकडचे आणि दोघे सीमेपलीकडच्या कॉलेजातले, जिथे दीड वर्ष लढाई चालू आहे. मंगळवार-शुक्रवार दुपारी चारला स्क्रीनवर भेटायचं आणि एका वस्तीची नळयोजना आखायची. हजेरी मी लावायची, त्याच दिवशी सहाच्या आत, कॉलेजच्या संगणकातल्या तक्त्यात. लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव पटावरून आपोआप जातं. इकडच्याचं असो की तिकडच्याचं. हे सांगताना बाई हसल्या. म्हणे, "नियम सगळ्यांना सारखा!"

इकडचा दुसरा कोण, तर कुंभकर्ण. पहिल्या वर्षापासूनचा मित्र, मन सोन्याचं, पण दुपारी चार म्हणजे त्याची मध्यरात्र. झालंच कल्याण.

आणि घरी बाबा. जेवताना सांगितलं, तर हातातला घास खाली ठेवला. "बघ, शिक काहीतरी त्यांच्याकडून. ती मुलं तळघरात बसून अभ्यास करतात. आणि तुम्हाला परीक्षेला पंखा लागतो!"

पंखा लागतोच! तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधले सहाच्या सहा पंखे दोन वर्षं बंद आहेत. मागच्या सत्रात दोन मुली पेपर लिहिता लिहिता चक्कर येऊन पडल्या. आता परीक्षा अकरा दिवस अलीकडे ओढली आहे, आणि हॉल तोच. म्हणून आम्ही बहिष्काराच्या सह्या गोळा करतोय. बाबा बसडेपोत वेळापत्रकं करतात. त्यांच्या खोलीत दोन पंखे आहेत. मी मोजलेत.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली बैठक. तिकडची मुलगी वेळेवर आली. खोलीत मिट्ट अंधार, हनुवटीखाली मेणबत्ती, नाक तेवढं उजळलेलं. दुपारी चारला! खिडक्यांना फळ्या ठोकल्यात म्हणाली. मी मनात तिचं नाव मेणबत्ती ठेवून टाकलं. दुसरा मुलगा आला तो नुसता काळा चौकोन. कॅमेरा बंद. "व्हिडिओ लावला की फोन संपतो," आवाज म्हणाला. घोगरा, संथ आवाज. मध्येच खोकला. हिशेबाच्या प्रत्येक ओळीनंतर "पुढे" म्हणायची सवय. सिमेंटची धूळ घशात जाते, असं मेणबत्ती म्हणाली. तर हा चौकोन.

कुंभकर्ण आला नाही. फोन केला नाही. घोरणं ऐकून काय करणार?

पुस्तकात आहे तसं मी सुरू केलं. माणशी रोज एकशे पस्तीस लिटर पाणी धरू. मेणबत्ती लिहिता लिहिता थांबली. "आम्हाला माणशी नऊ मिळतं. कपडे, आंघोळ, सगळं त्यातच. नऊने करून बघायचं का?" मी म्हटलं, पुस्तकात एकशे पस्तीस आहे. चौकोन म्हणाला, "पुस्तकाप्रमाणेच करा. पुस्तक बरोबर आहे. नऊ चूक आहे." मी पुढच्या पानावर गेले.

हजेरी लावली. माझी, मेणबत्तीची, चौकोनाची. चेहरा दिसला नाही तर गटप्रमुखाने "आवाज ओळखला" या रकान्यात खूण करायची, असं नियमपुस्तिकेत आहे. केली. कुंभकर्णाचीही लावली. दोन वर्षं लावतेय. तो माझी प्रयोगशाळेतली लावतो. कॉलेजात येऊन एवढंही करायचं नाही, तर मैत्री कशाला म्हणायचं?

७ ऑक्टोबर

बाबा: "मेणबत्तीवर अभ्यास! आणि तू?" यांना सांगितलंच कशाला मी! जीभ झडो माझी.

१० ऑक्टोबर, मंगळवार

डोकं फिरलंय. अक्षर बघा.

सह्या तीनशे बारा झाल्या. म्हटलं, तिकडच्यांच्याही घ्याव्यात. संयुक्त प्रकल्प म्हणजे परीक्षा त्यांचीही त्याच तारखांना. मी सगळं समजावून सांगितलं. हॉल, पंखे, अकरा दिवस. आणि चौकोन हसला. हसला! आतल्या आत, खोकल्यात मिसळून. "पोरी," म्हणाला, "परीक्षा नको म्हणून सह्या? आमची गेल्या खेपेची परीक्षा तीनदा ठरली. तिन्ही वेळा पेपर छापून आले होते. हॉल राहिला नव्हता."

पोरी! माझ्याच वर्षाचा मुलगा मला पोरी म्हणतो! मेणबत्ती घाईघाईने मध्ये पडली, "त्याची बोलायची तऱ्हाच तशी आहे, मनावर घेऊ नकोस." मी म्हटलं, आमच्याकडे मुली चक्कर येऊन पडल्यात. तर हा शांतपणे, "बरोबर आहे. पण हॉल आहे."

म्हणजे काय? तुमच्यावर बॉम्ब पडतात म्हणून आमच्या घामाला घाम म्हणायचं नाही? तिकडे छप्पर नाही म्हणून इकडे छप्पर गळलं तर गप्प बसायचं? हा कुठला न्याय? घरी बाबा तेच, कॉलेजात बाई तेच, आता हा अंधारातला चौकोनही तेच! मी म्हटलं, कॅमेरा लाव. नियम आहे. तो म्हणाला, फोन संपेल. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. बाईंचं वाक्य माझ्या तोंडून!

साडेपाचला तक्ता उघडला. चौकोन गैरहजर.

कुंभकर्ण हजर. (झोपला होता.)

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तो अकराच मिनिटं होता. मागे काहीतरी घरघरत होतं, मग एकदम तुटलं. त्या अकरा मिनिटांत टाकीची उंची काढून दिली, पटापट, "पुढे, पुढे" करत. मेणबत्ती म्हणाली, "आज आवाज तरी ऐकू आला ना? मग लाव त्याची." मी म्हटलं, बघते.

नाही लावली. आणि बरं वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. बरं वाटलं.

१४ ऑक्टोबर

फाटकावर फलक लागलाय. दोन पुरुष उंचीचा. "तोफांच्या छायेत ज्ञानाचा दिवा!" आणि खाली मेणबत्तीचा फोटो. आमच्या बैठकीतून उचललेला. तोंड अर्धवट उघडं, बिचारी नऊ लिटरचं बोलत होती तेव्हाचा. तिला विचारलं का? छे! पलीकडच्या कोपऱ्यात प्राचार्य, हात जोडून. सकाळी पोरं त्याखाली उभी राहून फोटो काढत होती. मला फलक फाडावासा वाटला. मग वाटलं, मी कोण मोठी लागून गेले? कालच मी तिच्या जोडीदाराला अंधारात बसतो म्हणून खोडलाय.

हे डोक्यात आलं आणि मी ते झटकून टाकलं. कँटीनमध्ये जाऊन सह्यांचा कागद फिरवला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

माझी शोभा झाली.

आज चौकोन पूर्ण वेळ होता. आणि आज, नेमका आजच, बाई बैठक ऐकायला आल्या. मी जाळ्याचा हिशेब मांडला. नळांच्या वेढ्यात पाणी दोन्ही बाजूंनी फिरतं. उजवीकडून जाणारं अधिक धरायचं, डावीकडून जाणारं वजा. मी दोन्ही अधिक धरलं. रात्रभर बसून सोळा पानं केली होती! चौकोन मध्येच म्हणाला, "तिसऱ्या पानावर थांबा. तुमच्या हिशेबात नळच टाकीला पाणी पाजतोय."

बाई हसल्या. मेणबत्तीसुद्धा हसली. मग त्याने चिन्हं बदलून सगळं तोंडी सोडवलं. कागद पुढे नसावा असं, जन्मभर तेच केल्यासारखं. चूक माझी होती, कबूल. पण चारचौघांत?

बाई गेल्या. मी म्हटलं, कॅमेरा. तो म्हणाला, "नाही जमणार, पोरी." पुन्हा पोरी!

पाच पन्नासला तक्ता उघडला. चाळीस मिनिटं तो माझ्या कानात बोलत होता. सोळा पानं त्याने दुरुस्त केली. आणि मी "गैरहजर" दाबलं. तिसरी आहे हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं! नंतर "लक्षात नव्हतं" असं कोणाला सांगायचा मोह झाला तर हे पान काढून वाच, बये.

१८ ऑक्टोबर

संगणकाने सकाळी आठला कळवलं. गट क्रमांक सात, सदस्य तीन. काळा चौकोन यादीतून गेला. एवढंच. कुठे काही खुट्ट झालं नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

मेणबत्ती एकटी आली. चिडलेली नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, "त्याचं नाव कमी झालंय. परत लावशील का?" मी नियमाचं पालुपद लावलं. कॅमेरा, तीन गैरहजेऱ्या, माझ्या हातात काही नाही. तिने ऐकून घेतलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांच्याकडे विद्यार्थ्याला भरती माफ आहे. आमच्या कॉलेजच्या पटावर नाव असेल आणि तो वर्गाला येतो अशी शिक्क्याची चिठ्ठी असेल, तर सैन्य हात लावत नाही. नाव नसेल तर ट्रकमध्ये घालतात. एकतीस तारखेला ट्रक पुढे जातात.

"पुढे म्हणजे कुठे?"

"पुढे."

मी म्हटलं, तोवर त्याला कुठेतरी लपवून ठेवा. ती म्हणाली, "तो आहे तिथून हलू शकत नाही." मेणबत्तीची वात तिने चिमटीने खुडली आणि वर बघून म्हणाली, "मला रागवायला वेळ नाहीये. तू फक्त नाव लाव."

घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. तीनदा धुतलं. आई बाहेरून म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं. आमच्याकडे हजेरी बुडाली तर सिनेमा बघून होतो. मी काय लावत होते आणि काय खोडत होते, याची मला अक्कलच नव्हती. आणि आता आली आहे तीही उसनी, दुसऱ्याच्या जिवावर.

२१ ऑक्टोबर

नोंदणी कक्ष शनिवारी अर्धा दिवस. मी पोचले तेव्हा खिडकी बंद. आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता.

२३ ऑक्टोबर, सोमवार

नोंदणी कक्षातला चष्मेवाला कारकून. जाड काच, बारीक डोळे, पुढ्यात पाच रबरी शिक्के. मी सांगितलं, हजेरी चुकून गैरहजर पडली, दुरुस्त करायचीय. "चुकून तीनदा?" म्हणाला. मग सांगितलं, नाव पटावरून एकदा गेलं की पुढच्या सत्रात नवा अर्ज. मी म्हटलं, अहो पुढच्या सत्रापर्यंत तो जिवंत असेल का? त्याने चष्मा काढून पुसला. "तसा रकाना नाही अर्जात."

ओरडले मी. चांगली ओरडले. रांगेतली पोरं बघायला लागली. म्हटलं, फाटकावर तिकडच्या मुलीचं तोंड दोन पुरुष उंच लावायला रकाना सापडला, आणि तिकडच्या मुलाचं नाव परत लावायला सापडत नाही? चष्मेवाला म्हणाला, "आवाज खाली. फलक जनसंपर्क विभागाचा."

मग मी निघाले तेव्हा मागून हळूच म्हणाला, "गटप्रमुखाने जाणूनबुजून खोटी नोंद केली असेल, तर ती नोंद रद्द होते. पण तसं लिहून द्यावं लागतं. विभागप्रमुखांसमोर." आणि खिडकी लावली.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

मेणबत्तीने आज दोघांच्या वाटचं काम केलं. हळू, अडखळत. जाळ्याचा हिशेब तिला येत नव्हता. कोणाला तरी विचारून आल्यासारखी मध्येच थांबून कागद बघायची. मी तिला सगळं सांगितलं. खोटी नोंद, सही, विभागप्रमुख. ती म्हणाली, "मग तुझं काय होईल?" मी म्हटलं, माहीत नाही. ती "तरी कर," म्हणाली. माफी नाही, आढेवेढे नाहीत. मला आवडलं ते. रागही आला.

२५ ऑक्टोबर

बाईंना भेटले. बाई पहिल्यांदाच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू लिहून दिलंस तर तो परत येईल. चिठ्ठीही देता येईल. पण जाणूनबुजून खोटी नोंद म्हणजे तुझं सत्र रद्द. मला काही करता येणार नाही." माझं सत्र! तीन महिन्यांची मेहनत, पंखा असो नसो, परीक्षा मला द्यायची होती. हे मला त्या खोलीत उभं राहून कळलं. तीनशे बारा सह्या गोळा करणाऱ्या मला!

"विचार कर," म्हणाल्या. "घरी विचार."

२६ ऑक्टोबर

घरी विचारलं.

बाबा उठून उभे राहिले. "वेड लागलंय का? कोण कुठला मुलगा! ना नात्याचा, ना गोत्याचा. तू तोंड तरी पाहिलंयस का त्याचं? त्याच्यासाठी सहा महिने फुकट घालवणार?"

मी म्हटलं, "बाबा, तीच मुलं ही. तळघरात अभ्यास करणारी. शिक म्हणालात ना त्यांच्याकडून?"

"शिक म्हणजे मन लावून अभ्यास कर! दुसऱ्याचं मढं आपल्या खांद्यावर घे असं नाही म्हटलं मी!"

इतकी वर्षं जगातली सगळी दुःखी मुलं यांनी माझ्या ताटाशेजारी आणून बसवली. कोणाला जेवायला नाही म्हणून पानात टाकू नकोस. कोणाला चप्पल नाही म्हणून नवी मागू नकोस. आता त्यातलं एक खरोखरच दारात येऊन उभं राहिलं, तर कोण कुठला मुलगा! मी म्हटलं, मग इतकी वर्षं मला काय नुसतं घाबरवत होता? बाबांनी ताट सरकवलं आणि बाहेर गेले. चप्पल न घालता गेले, म्हणून लगेच परत आले. मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

आई शिवणाच्या यंत्रावर होती. पाय थांबवला नाही तिने. म्हणाली, "खोटी नोंद केली होतीस का?"

"हो."

"मग खरं लिहून दे. आणि जेवून घे, पोळ्या निवतायत."

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सही केली.

मजकूर चष्मेवाल्याने छापून आणला होता. "मी, गटप्रमुख, जाणीवपूर्वक खोटी नोंद केली. सदर विद्यार्थी तिन्ही दिवशी उपस्थित होता. मी त्याचा आवाज व्यक्तिशः ओळखते." बाईंनी विचारलं, "नक्की ओळखतेस? चेहरा तर तू कधीच पाहिला नाहीस. ही चिठ्ठी सैन्याकडे जाणार आहे." मी म्हटलं, "पन्नास माणसांत ओळखीन! घोगरा आवाज, खोकला, आणि दर ओळीला 'पुढे'. वर मला पोरी म्हणतो." बाईंनी मान खाली घालून शिक्का मारला.

मग म्हणाल्या, "तुझ्या तक्त्यातल्या बाकीच्या नोंदी तरी खऱ्या आहेत ना?"

मी म्हटलं, हो.

२८ ऑक्टोबर

कुंभकर्ण घरी आला. सकाळी नऊला! उभ्या जन्मात त्याला मी या वेळी उभा पाहिला नव्हता. बाईंनी आता त्याला गटप्रमुख केलंय. डोळे सुजलेले. म्हणाला, "माझ्याही नोंदी खोट्या आहेत म्हणून सांगतो. तू एकटी का मरतेस?" मी त्याला असा झापला! म्हटलं, गाढवा, माझ्या तक्त्यात आणखी एक खोटं निघालं तर चौकोनाच्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवील? तुला आता हजरच राहावं लागणार. मागच्या तारखांनासुद्धा!

जाताना म्हणाला, "माझी झोप उडवलीस तू." मी म्हटलं, कोणीतरी उडवायलाच हवी होती.

सह्यांचा कागद त्याच्याकडेच दिला. मागणी बदलून घेतली. परीक्षा घ्या, त्याच तारखांना घ्या, पण पंखे लावून घ्या. तिकडे हॉल नाही म्हणून इकडे पोरींनी चक्कर येऊन पडावं, हे मला आजही मान्य नाही. कोणी काही म्हणो. चौकोनालाही सांगेन, भेटला की.

३० ऑक्टोबर, सोमवार

नाव परत लागलं. चिठ्ठी सकाळी अकराला गेली. शिक्क्याची, माझ्या कबुलीजबाबाची प्रत जोडून. माझं नाव खालच्या कागदावर, "सत्र रद्द".

फाटकावरचा फलक अजून आहे. वाऱ्याने एक कोपरा सुटलाय, प्राचार्यांचा.

३१ ऑक्टोबर

काही कळलं नाही. मेणबत्तीला सात निरोप पाठवले. आज ट्रक जातात.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंभकर्णाच्या शेजारी बसून स्क्रीनकडे बघत राहिले. चार ते पाच. कोणी आलं नाही. चौकोन नाही, मेणबत्ती नाही. कुंभकर्णाने विचारलं, हजेरीचं काय करू? मी त्याच्यावर खेकसले. तो तरी काय करणार? सहा वाजायला दोन मिनिटं असताना त्याने दोघांपुढे "वीज नाही" असं लिहिलं. असा रकाना आहे म्हणे. आधी का नाही सापडला मला? शोधला नव्हता म्हणून!

घरी बाबांनी विचारलं, "त्या मुलाचं काय झालं?" मी खोलीत निघून गेले. मागून येऊन पुन्हा विचारलं. मग खोलीतला पंखा उगाच लावून, बंद करून, गेले.

७ नोव्हेंबर, मंगळवार

आजही कोणी नाही. मला कोणाचा राग आलाय तेही आता कळत नाही. सगळ्यांचा. चष्मेवाल्याचा, बाबांचा, बाईंचा, ज्यांनी लढाई सुरू केली त्यांचा, आणि चार वाजून गेल्यावरही घड्याळ चालतं त्याचा. सगळ्यात जास्त त्या सतरा तारखेच्या पाच पन्नासच्या मुलीचा.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

चौकोन उघडला.

माझ्याच वयाचा मुलगा. डोकं भादरलेलं, खालचा ओठ फुटलेला, मेणबत्तीच्या शेजारी बसलेला. "हजर," म्हणाला. बारीक, घाईचा, किनरा आवाज. हा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला.

मेणबत्तीने नजर न वळवता सांगितलं. त्याला सप्टेंबरमध्येच नाक्यावर उचललं होतं. तो शिकतोय असा पुरावा आला तरच सोडणार होते. म्हणून त्याच्या नावाने तिचे काका वर्गाला बसायचे. पाणीखात्यात तीस वर्षं काढलेले काका. माझ्या सहीची चिठ्ठी घेऊन ती स्वतः छावणीच्या दारात उभी राहिली, दोन दिवस.

मागून खोकला ऐकू आला. तो मात्र मी लगेच ओळखला.

कुंभकर्ण तक्ता उघडून माझ्याकडे बघत होता. "काय लिहू?"

मी म्हटलं, हजर लिही. पहिल्या दिवसापासून हजर.